डिझाइनचा पेपर घ्यायचा, तर मधेच अट बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० प्रमाणे अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांची फेरमांडणी ठिकठिकाणी चालू आहे. क्रेडिट किती, तास किती, कुठला विषय कुठल्या सेमिस्टरला, यावर बराच खल होतो. कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला प्रगत ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग आणि सॉफ्टवेअर डिझाइन अशा नावाचा, म्हणजे प्रोग्रॅम लहान भागांत कसा मांडायचा हे शिकवणारा, जो विषय असतो, त्याबद्दल आमची एकच सूचना आहे : प्रॅक्टिकलची असाइनमेंट सेमिस्टरच्या मध्यावर बदला आणि गुण त्या बदलावर द्या.

सध्या काय होते ते शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना ठाऊकच आहे. लायब्ररी, बँक खाते, हॉस्पिटल यांपैकी एक विषय मिळतो. प्रोग्रॅम एकदा चालला, आउटपुट राइट-अपला जोडले, सही झाली, की तो कोड पुन्हा कोणी उघडत नाही. ज्याने सगळे एका मेथडमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच तुकड्यात, कोंबले त्याचेही आउटपुट बरोबर येते आणि ज्याने विचार करून आठ क्लास (माहिती आणि तिच्यावरच्या मेथड एकत्र ठेवणारे भाग) केले त्याचेही. पहिल्या दिवशी दोन्ही कोड सारखेच. फरक पडतो तो तीन महिन्यांनी कोणी तरी येऊन ‘आता यात एवढे बसवून द्या’ म्हणतो तेव्हा, आणि तो दिवस सेमिस्टरमध्ये कधी उगवतच नाही. मग थिअरीला ‘स्ट्रॅटेजी पॅटर्न आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न येतो (पॅटर्न म्हणजे वारंवार येणाऱ्या अडचणीसाठीची ठरलेली मांडणी). त्याचे दीड पानाचे उत्तर गाइडात तयार असते.

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे अभ्यासक डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या निबंधात हाच मुद्दा मांडला होता. एका लहानशा प्रोग्रॅमच्या दोन मांडण्या त्यांनी शेजारी ठेवल्या आणि विचारले, अमुक निर्णय उद्या बदलला तर कुठल्या मांडणीत किती मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचे स्वतंत्र भाग, उघडावी लागतील? जो निर्णय बदलण्याची शक्यता आहे तो एका मॉड्यूलच्या आत लपवा, एवढेच त्यांचे म्हणणे. एन्कॅप्सुलेशनची जी व्याख्या मुले ‘डेटा आणि मेथड एकत्र बांधणे’ अशी पाठ करतात, तिच्यातून नेमके हेच निसटते. सगळी फील्ड (क्लासमधली माहिती) प्रायव्हेट करून प्रत्येकाला गेटर-सेटर (ती बाहेरून वाचायच्या आणि बदलायच्या मेथड) लावला की एन्कॅप्सुलेशन झाले, असा समज पक्का होतो. एडिटरमध्ये दोन क्लिकांत तीस मेथड तयार होतात आणि लपत काहीच नाही.

उदाहरण एसटीच्या तिकिटाचे घेऊ. महामंडळाच्या मशीनमधला कोड कसा आहे हा आमचा विषय नाही. नियम सगळ्यांना माहीत आहेत आणि ते खरोखर बदललेले आहेत, म्हणून हे उदाहरण. भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट, ६५ पूर्ण झालेल्यांना अर्धे. एवढी पहिली असाइनमेंट. मग २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास सुरू झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना ५० टक्के सवलत आली. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. कुठल्याही प्राध्यापकाला बसून रचता येणार नाही अशी बदलांची मालिका फुकटात तयार आहे.

पहिल्या असाइनमेंटला बहुतेक मुले इफ-एल्सची साखळी लिहितात : वय ६५ किंवा जास्त असेल तर अर्धे, नाहीतर बारापर्यंत अर्धे, नाहीतर पूर्ण. यात गैर काही नाही. एवढ्याच अटींना हाच कोड योग्य आहे आणि त्याला गुण कापू नयेत. ७५ चा नियम आला की साखळीच्या डोक्यावर आणखी एक अट बसते. तेही निभावते. महिलांची सवलत मात्र कुठे घालायची? सगळ्यात वर घातली, तर ८० वर्षांच्या आजींना मोफतऐवजी अर्धे तिकीट फाडावे लागते. सगळ्यात खाली घातली, तर पैसे बरोबर येतात, पण ७० वर्षांच्या बाईंचे तिकीट ज्येष्ठ नागरिक सवलतीत मोजले जाते. सवलतीची रक्कम शासनाकडून महामंडळाला मिळते ती योजनावार, म्हणजे प्रवाशाला रुपये सारखेच लागले तरी हिशेबाचे खाते चुकू शकते. आठ वर्षांच्या मुलीला अर्धे की अर्ध्याचे अर्धे? या प्रश्नांची उत्तरे कोडमध्ये कुठेच लिहिलेली नसतात. ती इफच्या क्रमात दडलेली असतात. दोन ओळी खालीवर झाल्या की नियम बदलतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. ही गोष्ट मुलांनी स्वतःच्या कोडमध्ये घडताना पाहिली पाहिजे. फळ्यावर सांगून ती पटत नाही.

इफ नको म्हटले की दुसरी धाव इनहेरिटन्सकडे, म्हणजे एका क्लासपासून दुसरा काढण्याकडे, कारण आधीच्या वर्षी ‘प्राणी, कुत्रा, मांजर’ शिकवलेले असते. प्रवासी हा मूळ क्लास. ज्येष्ठ प्रवासी, महिला प्रवासी, बाल प्रवासी हे त्याचे सबक्लास. मग ज्येष्ठ महिला प्रवासी. बसचे प्रकारही त्याच झाडावर टांगले, तर चार वयोगट, दोन लिंगे आणि साधी, शिवशाही, शिवनेरी मिळून चोवीस क्लास होतात. तरी दिव्यांग, स्वातंत्र्यसैनिक, अधिस्वीकृतीधारक पत्रकार अजून रांगेत उभेच आहेत. याहून मोठी अडचण वेगळी आहे. जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्ट (क्लासच्या साच्यातून घडवलेली एक वस्तू) एकदा तयार झाला की त्याचा क्लास बदलत नाही. माणूस मात्र ६५ वर्षांचा होतो. आरक्षण वाढदिवसाच्या चार दिवस आधी केले आणि प्रवास वाढदिवसानंतर असेल तर तो प्रवासी कुठल्या क्लासचा? ज्या गुणधर्मात काळानुसार बदल होतो त्यासाठी सबक्लास करू नये, हा नियम या एका प्रश्नातून जसा डोक्यात बसतो तसा व्याख्येतून बसत नाही.

टिकाऊ मांडणी साधारण अशी निघते. ‘सवलत’ हा इंटरफेस, म्हणजे प्रत्येक योजनेच्या क्लासने कुठल्या प्रश्नांना उत्तर द्यायचे याचा करार. त्याला दोनच प्रश्न विचारायचे : ही सवलत या प्रवासाला लागू आहे का, आणि लागू असेल तर भाडे किती. प्रत्येक योजनेचा एक लहान क्लास, त्याच्यासोबत योजनेचा कोड आणि ती कधीपासून लागू झाली ती तारीख. या सगळ्यांची एक यादी. आणि लागू होणाऱ्यांतून एक निवडणारा वेगळा भाग, कारण ‘एका वेळी एकच सवलत, प्रवाशाच्या जास्त फायद्याची, फायदा सारखा असेल तर अमुक योजनेला प्राधान्य’ हाही एक नियमच आहे आणि तो उद्या बदलू शकतो. आता महिलांची सवलत म्हणजे एक नवा क्लास आणि यादीत एक ओळ. जुन्या क्लासना हात लावावा लागत नाही. पुस्तकी नाव द्यायचे तर हीच स्ट्रॅटेजी. पण नाव शेवटी सांगावे. आधी नाव सांगितले की मुले प्रश्नाकडे बघायचे सोडून त्या नावाला साजेशी आकृती शोधू लागतात.

इथे थांबले तर मात्र मुलांचा गैरसमज होईल की हे एकदा जमले म्हणजे डिझाइन आले. म्हणून चौथा बदल मुद्दाम असा द्यावा की नीटनेटकी मांडणीही अडखळेल. तीव्र दिव्यांग प्रवाशाच्या साथीदारालाही सवलत मिळते. म्हणजे एका प्रवाशाची सवलत शेजारच्या प्रवाशावर अवलंबून. ‘लागू आहे का’ ही मेथड फक्त एक प्रवासी घेत असेल तर तिला हे कळायला मार्गच नाही. तिला अख्खे आरक्षण दाखवावे लागेल आणि मग सगळ्या योजनांच्या क्लासना हात लावावा लागेल. काही मुले पळवाट काढतात : प्रवासी या क्लासमध्येच ‘साथीदार’ नावाचे बूलियन (हो किंवा नाही एवढेच साठवणारे) फील्ड टाकतात. ते कोण भरणार, कधी भरणार आणि दिव्यांग प्रवाशाने तिकीट रद्द केले तर ते कोण पुसणार, हे व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारावे. कुठलीच मांडणी सगळे बदल झेलत नाही. कुठला बदल स्वस्त करायचा आणि कुठला महाग पडला तरी चालेल हे ठरवणे, हेच डिझाइनरचे काम.

भाडेवाढीचा बदल वरवर सोपा वाटतो. टप्प्याचा दर बदला, झाले. पण २४ जानेवारीला घेतलेले तिकीट २६ ला रद्द केले तर परतावा कशाच्या हिशेबाने? ज्यांच्या तिकिटाच्या ऑब्जेक्टमध्ये फक्त टप्पे आणि प्रवासी साठवलेले असतात आणि रक्कम दर वेळी नव्याने काढली जाते, त्यांचा प्रोग्रॅम प्रवाशाने भरलेल्यापेक्षा जास्त पैसे परत देतो. तिकीट फाडले त्या क्षणी मूळ भाडे, सवलत, योजनेचा कोड, इतर आकार हे सगळे त्यावर कायमचे लिहिले गेले पाहिजे आणि त्या क्लासला सेटर असता कामा नये. इम्यूटेबल, म्हणजे एकदा बनल्यावर न बदलणारे, ऑब्जेक्ट कशाला हवेत, याचे याहून सरळ उत्तर आम्हाला माहीत नाही. जावात रेकॉर्ड हा प्रकार सोळाव्या आवृत्तीपासून पक्का झाला आहे. असा क्लास आता एका ओळीत लिहिता येतो. तरी प्रश्नपत्रिकांत तो क्वचितच दिसतो.

पैशाबद्दल दोन शब्द, कारण इथे हटकून घोटाळा होतो. रक्कम डबल या दशांश संख्यांच्या प्रकारात ठेवली, की ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवावी किंवा जावाचा बिगडेसिमल हा अचूक दशांशांचा क्लास वापरावा. बिगडेसिमललाही खोड आहे : २.० आणि २.०० यांची ईक्वल्सने तुलना केली तर उत्तर खोटे येते, कारण तो दशांशस्थळेही बघतो. तुलना कम्पेअर-टूने करावी लागते. आणि तो बनवताना ०.१ हे स्ट्रिंग म्हणून द्यावे, डबल म्हणून दिले की जुनी चूक आत शिरलीच. पूर्णांकात आणण्याचा नियमही अटीतच लिहून घ्यावा. समजा पूर्ण भाडे २५ रुपये आहे आणि तीन महिला आहेत. प्रत्येकीचे १२.५० चे १३ केले तर ३९ रुपये होतात. आधी बेरीज करून ३७.५० चे पूर्णांक केले तर ३८. त्यात जावाचे मॅथ-राउंड १२.५ चे १३ करते आणि पायथनचे राउंड १२ करते, कारण पायथन बरोबर मधला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो. एका बॅचमध्ये दोन भाषा चालत असतील तर ‘माझे बरोबर, त्याचे चूक’ या वादाचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते.

आता पॅटर्नविषयी. ‘डिझाइन पॅटर्न्स’ या १९९४ च्या प्रसिद्ध पुस्तकात २३ पॅटर्न आहेत : निर्मितीचे पाच, रचनेचे सात, वर्तनाचे अकरा. ही वर्गवारी मुलांना तोंडपाठ असते. पण तो काळ सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकचा होता. २०१४ च्या जावा ८ मध्ये लॅम्ब्डा (नाव नसलेली छोटी फंक्शने) आले, तेव्हापासून स्ट्रॅटेजीसाठी दर वेळी वेगळा क्लास लिहावा लागत नाही. ऑब्झर्व्हरसाठी (एकातला बदल इतरांना कळवणारा पॅटर्न) जावाच्या लायब्ररीत जो तयार क्लास आहे त्यावर २०१७ च्या नवव्या आवृत्तीत ‘वापरू नये’ असा शिक्का मारला. सील्ड क्लास (ज्याचे सबक्लास आधीच ठरलेले असतात) आणि २०२३ च्या जावा २१ मधला पॅटर्न मॅचिंगचा स्विच हाताशी असला की व्हिजिटर या पॅटर्नची गरज बरीच कमी होते. तेवीसच्या तेवीस शिकवण्याचा अट्टहास सोडून सहा-सात नीट शिकवावेत. आमच्या मते स्ट्रॅटेजी, डेकोरेटर, अॅडॉप्टर, ऑब्झर्व्हर, फॅक्टरी, कॉम्पोझिट आणि स्टेट पुरेत. सिंगलटन (ज्याचा अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकच ऑब्जेक्ट असतो) मात्र पॅटर्न म्हणून शिकवण्यापेक्षा धोका म्हणून शिकवावा.

सिंगलटन हा परीक्षेतला हमखास प्रश्न, म्हणून मुलांचा लाडका. त्याचा त्रास टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम, लिहायला बसल्यावर कळतो. एका टेस्टने त्यात काही बदलले की पुढची टेस्ट त्यामुळे पडते, आणि टेस्टचा क्रम बदलला की पास होते. याच जातीची आणखी एक चूक, जी जवळजवळ प्रत्येक कोडमध्ये सापडते : भाडे काढणाऱ्या मेथडच्या पोटातच आजची तारीख विचारलेली असते. मग १६ मार्च २०२३ ला पूर्ण तिकीट आणि १७ मार्चला अर्धे, ही टेस्ट लिहायची कशी? कॉम्प्युटरचे घड्याळ मागे करून तपासणारेही निघतात. उपाय सोपा आहे : तारीख बाहेरून द्यावी, किंवा जावा ८ पासून उपलब्ध असलेला क्लॉक हा क्लास कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनवतानाच, द्यावा. डिपेन्डन्सी इंजेक्शन या भारदस्त नावामागे निम्म्याहून अधिक वेळा एवढेच असते. त्यासाठी स्प्रिंगसारखे फ्रेमवर्क आणायची गरज नाही. आणले तर मुले अॅनोटेशन पाठ करतात.

लिस्कोव्ह यांच्या तत्त्वावर चौरस आणि आयताचे उदाहरण सगळे लिहितात आणि स्वतःच्या कोडमध्ये तीच चूक करतात. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या भाषणात मांडलेली कल्पना अशी की मूळ क्लासच्या जागी सबक्लास ठेवला तरी वापरणाऱ्याला धक्का बसू नये. उदाहरण जावाच्या लायब्ररीतच पडलेले आहे : स्टॅक हा क्लास व्हेक्टर या यादीच्या क्लासपासून काढला आहे. त्यामुळे ज्यात फक्त वरून घालायचे आणि वरूनच काढायचे, त्या स्टॅकच्या तळाशीही बिनदिक्कत घुसता येते. पहिल्या आवृत्तीत झालेली ही चूक आजही तशीच आहे, कारण जगभरचा कोड तिच्यावर उभा आहे आणि ती दुरुस्त केली तर तो मोडेल. विद्यार्थ्यांकडून हा क्लास उघडून घ्यावा आणि स्टॅकवर चालायला नको होत्या अशा पाच मेथड शोधायला सांगाव्यात. पंधरा मिनिटांचे काम आहे.

हॅशसेट या जावाच्या संचाचेही तसेच. आरक्षित आसनांचा सेट केला, त्यात आसन घातले आणि नंतर त्याच ऑब्जेक्टचा आसन क्रमांक सेटरने बदलला. क्रमांकावर हॅशकोड (वस्तू कुठल्या कप्प्यात ठेवायची ते ठरवणारा आकडा) अवलंबून असेल, तर ते आसन सेटमध्ये असते, मोजणीत दिसते, पण ‘हे आरक्षित आहे का’ विचारले की उत्तर नाही येते, कारण शोध नव्या हॅशच्या कप्प्यात होतो आणि वस्तू जुन्या कप्प्यात पडलेली असते. एकच आसन दोघांना! नुसते ईक्वल्स लिहून हॅशकोड लिहायचे राहिले तरी असाच प्रकार होतो. यावर ‘फरक स्पष्ट करा’ विचारण्यापेक्षा असा वीस ओळींचा कोड छापून ‘दुसऱ्या प्रवाशाला हेच आसन का मिळाले’ असे विचारावे.

आता प्रत्यक्ष राबवायचे कसे. आठवड्याला दोन तासांचे प्रॅक्टिकल, वीसेक मुलांची बॅच आणि तिघांचा गट धरला आहे. पहिले तीन आठवडे मूळ असाइनमेंटचे. चौथ्या आठवड्यात ७५ चा नियम, सहाव्यात महिलांची सवलत, आठव्यात भाडेवाढ आणि परतावा. दहाव्या आठवड्यात गटांनी एकमेकांचा कोड घ्यायचा आणि साथीदाराची सवलत दुसऱ्याच्या कोडमध्ये बसवायची. ही अदलाबदल आमच्या मते सगळ्यात मोलाची. मेथडला नाव का द्यायचे, टेस्ट कोणासाठी लिहायच्या, हे त्या दोन तासांत कळते. पुढचे बदल आधी जाहीर करू नयेत. दर वर्षी क्रम आणि तपशील बदलावेत, नाहीतर मागच्या वर्षीची फाइल फिरते.

तपासणीचा बोजा वाढेल ही शंका रास्त आहे. लपवलेल्या टेस्टने आपोआप तपासायचे म्हटले, तर सगळ्यांचे क्लास आणि मेथड सारख्या नावाच्या हव्यात. आणि नावे आपणच ठरवून दिली, तर डिझाइनही आपणच करून दिल्यासारखे. यातून वाट अशी की अट फक्त कडांवर, म्हणजे इनपुट आणि आउटपुटवर, घालावी. इनपुटच्या एका ओळीत प्रवासाची तारीख, टप्पे, बसचा प्रकार, जन्मतारीख, लिंग; आउटपुटला पैशांत भाडे आणि योजनेचा कोड. आत काय करायचे ते गटाने ठरवावे, भाषाही कुठलीही चालेल. शंभर ओळींची फाइल देऊन आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी एका स्क्रिप्टने ताडून पाहता येते. इथे दोन फालतू गोष्टी वेळ खातात. विंडोजवर ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह असते, ते काढून न टाकता तुलना केली तर सगळेच नापास दिसतात. आणि थांब्यांची नावे मराठीत असतील तर जुन्या जावात विंडोजवर प्रश्नचिन्हे उमटतात. यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची पद्धत आपोआप धरणे २०२२ च्या जावा १८ पासून सुरू झाले, त्याआधीच्या आवृत्तीला ते सांगावे लागते.

टर्मवर्कचे पंचवीस गुण असतील तर वाटणी अशी सुचवतो : लपवलेल्या टेस्टला आठ, जुन्या टेस्टमध्ये खाडाखोड न करता बदल बसवल्याचे पाच, दुसऱ्याच्या कोडमधल्या कामाला सहा, व्हायवाला सहा. किती फाइलींना हात लागला ते कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटचा डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) सांगतोच, पण त्या आकड्यावर थेट गुण ठेवू नयेत. ठेवले की सगळा कोड एकाच फाइलीत येतो, आणि ‘एकच फाइल बदलली’ असे छातीठोकपणे सांगता येते. उलट टोकही सांभाळावे लागते. बदल येणार हे कळले की काही हुशार गट पहिल्याच आठवड्यात प्रत्येक गोष्टीचा इंटरफेस करून ठेवतात. भाडे काढायला सात फाइलींतून जावे लागते. म्हणून एखादा बदल अपेक्षित नसलेल्या जागी द्यावा, आणि मूळ असाइनमेंट अकारण फुगवली असेल तर व्हायवात ‘हा इंटरफेस काढला तर काय बिघडेल’ असे विचारावे. काही बिघडत नसेल तर गुण कापावेत.

गिटवर शेवटच्या रात्री एकच कमिट (बदलांची नोंद) करून सगळे चढवण्याची रीत आहे. त्याला आळा म्हणून दर बदलाच्या मुदतीला टॅग (त्या वेळच्या आवृत्तीवर खूण) लावणे सक्तीचे करावे. आणि चॅटजीपीटीसारख्या साधनांचे काय, हा प्रश्न आता येणारच. ती साधने नेमून दिलेली असाइनमेंट एका झटक्यात लिहून देतात, तीही बहुतेक वेळा बरी लिहितात. बंदी घालून उपयोग नाही. व्हायवाच्या वेळी इंटरनेट बंद करून, गटाच्याच कोडमध्ये एक लहान बदल वीस मिनिटांत करायला सांगावा : समजा, दिवाळीपुरती दहा टक्के हंगामी भाडेवाढ, पण मोफतवाल्यांना नाही. ज्याने कोड वाचलेला आहे त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना छापील जर्नल हवे असते, हीदेखील वस्तुस्थिती. तिथे शंभर पानांच्या प्रिंटआउटऐवजी दर बदलाचे एक पान असावे : कुठला बदल येईल असे वाटले होते, त्यासाठी काय लपवले, प्रत्यक्षात कुठल्या क्लासना हात लागला, कुठली टेस्ट पडली. कॉपी करायला हे पान कठीण जाते, कारण ते कोडशी जुळावे लागते.

थिअरीच्या पेपरात काही जागा मोकळी झाली तर इतिहासालाही मिळावी, पण ‘जनक कोण’ या एका गुणाच्या प्रश्नापुरती नको. ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगार यांनी ऑस्लोत १९६७ साली सिम्युला ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली ती गुंतागुंतीच्या व्यवस्थांची नक्कल संगणकावर करण्यासाठी. रांगेत येणारे-जाणारे, स्वतःची अवस्था सांभाळणारे घटक त्यांना हवे होते, त्यातून ऑब्जेक्ट आले. २००१ चे ट्युरिंग पारितोषिक दोघांना मिळाले. प्राणी-कुत्रा-मांजरचे झाड त्यांच्यापुढे नव्हते.

शेवटी एक, तपासणीची डेटा फाइल करणाऱ्यांसाठी. सीमेवरच्या ओळी आधी लिहाव्यात : १६ आणि १७ मार्च २०२३ ला प्रवास करणारी एकच महिला, त्या दिवशी बरोबर ६५ आणि ७५ पूर्ण करणारे प्रवासी, पाचव्या आणि बाराव्या वाढदिवसाची मुले, आणि २९ फेब्रुवारी १९६० चा जन्म. या शेवटच्या प्रवाशाच्या जन्मतारखेत जावाने ६५ वर्षे मिळवली तर २८ फेब्रुवारी २०२५ ही तारीख येते. पण त्याच २८ फेब्रुवारीला पिरियड हा जावाचा क्लास वापरून वय काढले तर ६४ येते. दोन्ही उत्तरे जावाचीच. त्यांतले कुठले धरायचे, हे असाइनमेंटच्या अटीत लिहिलेले असावे, किंवा मुलांनी येऊन विचारावे म्हणून मुद्दाम गाळलेले असावे.

आपले,
अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवणारे आणि सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणारे काही जण, पुणे